गोळी कमरेसाठी, दिसली सोनोग्राफीत!

बाळाभोवती पोटात जे पाणी असतं ना, ते बहुतांशी बाळाचीच शू असते! दोन बाळंतपणं झालेली बाई मी, आणि हे मला आत्ता कळलं. तेही कंबरदुखीच्या एका गोळीमुळे. तेव्हापासून माझं तोंड बंद नाही. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, शाळेच्या बससाठी उभं असताना, भेटेल त्या बाईला मी हेच सांगत सुटले आहे. प्रत्येकीचं ठरलेलं: आधी 'ईऽऽ', मग 'काय सांगतेस!', आणि मग 'बरं, पुढे?'

तर पुढे. माझी धाकटी जाऊ सातव्या महिन्यात आहे. आम्ही मांजरी बुद्रुकला राहतो, तिचं ऑफिस मगरपट्ट्यात. या दोन ठिकाणांमधला रस्ता ज्यांनी रोज कापला आहे त्यांना तिची कंबर का धरली हे सांगायला नको. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत 'दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून' असं सांगितलं होतं. पण त्यानं म्हणे काही होत नव्हतं. घरातल्या औषधांच्या डब्यात दिरांची दाढ काढली तेव्हाचा डायक्लोफेनॅकचा पत्ता उरला होता. त्यातली एक घेतली, बरं वाटलं. मग सकाळी एक, रात्री एक. पत्ता संपल्यावर तसलाच दुसरा आणला. असे दोनेक आठवडे गेले. घरात कुणाला पत्ता नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिलाच वाटलं नव्हतं. डोकेदुखीची, दातदुखीची गोळी कोण कुणाला सांगून घेतं?

28व्या आठवड्याची सोनोग्राफी होती. दीर गावाला गेले होते म्हणून सोबत मी. दारावर नेहमीचा फलक, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही'. मग तो भलाथोरला फॉर्म एफ भरणं, ओळखपत्राची झेरॉक्स, सही. (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा हा कायदा देशाचा 1994चा, पण महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा त्याच्याही आधी, 1988 साली केला होता. देशात पहिला. हे मला ठाऊक होतं, आणि मी ते तिथेही सगळ्यांना सांगितलंच.) आत थंडगार जेल, अंधार, आणि पडदा. माझ्या वेळी मला पडद्यावर काही म्हणजे काही कळलं नव्हतं. या वेळी डॉक्टर मॅडम बोलक्या निघाल्या. हाड पांढरं दिसतं, पाणी काळं दिसतं, एवढी किल्ली त्यांनी हातात दिली आणि मला एकदम सगळं दिसायला लागलं! कणा, बरगड्या, डोकं. पोटात एक छोटासा काळा गोल. 'ती मूत्राशयाची पिशवी,' मॅडम म्हणाल्या. 'भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. अर्धा-एक तासाचा खेळ असतो.' आज मात्र ती पिशवी जेमतेम दिसत होती.

मग त्या पाणी मोजायला लागल्या. हे मोजणं जवळून बघण्यासारखं आहे. बेंबीपाशी मध्यबिंदू धरून पोटाचे मनातल्या मनात चार भाग करायचे. प्रत्येक भागात प्रोब सरळ उभा धरायचा, काळ्या पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा शोधायचा, आणि वरून खाली सेंटिमीटर मोजायचे. मध्ये नाळेचं वेटोळं नाही ना, हे रंग लावून बघायचं, कारण नाळही साध्या चित्रात काळीच दिसते आणि उगाच पाणी जास्त भरतं. मग चारही आकड्यांची बेरीज. एवढंच! त्या बेरजेला एएफआय म्हणतात. रिपोर्टवर आपण सगळ्यांनी वाचलेला, न कळलेला आकडा. साधारण 8 ते 18 असला की मस्त, 5 च्या खाली गेला की पाणी कमी, 24-25 च्या वर गेला की जास्त. जाऊबाईंचे आकडे आले 1.7, 1.4, एका भागात शून्य, आणि 1.6. बेरीज 4.7.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग मॅडमनी प्रश्न सुरू केले. खालून पाणी गेलंय का, कपडे ओले झाले का? नाही. बीपी? नॉर्मल. बाळ हलतंय? हो. मागच्या सोनोग्राफीत पाणी किती होतं ते त्यांनी फाईल काढून बघितलं, चांगलं भरपूर होतं. बाळाच्या दोन्ही किडन्या जागेवर, आकारानं ठीक. डॉपलर लावून नाळेतला रक्तप्रवाह बघितला, तोही ठीक. वाढ आठवड्याप्रमाणे. मग त्यांनी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? जाऊबाईंनी लोह, कॅल्शियम सांगितलं. 'आणखी?' 'आणखी काही नाही.' 'पेनकिलर?'

'ती घेते कधी कधी. साधीच आहे. कमरेसाठी.'

प्रोब धरलेला हात जागीच थांबला. 'कुठली? कधीपासून? दिवसातून किती?' आणि मग मॅडम जे बोलल्या त्यानं मी खुर्चीतून उठलेच. 'तुमची कंबर दुखायची थांबली असेल, पण बाळाची शूही थांबलीय.'

कमरेची गोळी आणि बाळाची शू! या दोन गोष्टी एका वाक्यात बसतात हेच मला नवीन. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. घरी येऊन मी वाचत गेले आणि रात्री दोनला लेकानं दिवा बंद करायला लावला.

गोष्ट अशी आहे. पहिल्या चार-पाच महिन्यांत गर्भाभोवतीचं पाणी बरंचसं आईच्या शरीरातून पाझरलेलं असतं. 20व्या आठवड्याच्या सुमाराला कारभार बाळाच्या हातात जातो. बाळाच्या किडन्या लघवी तयार करतात, तेच गर्भजल. बाळ ते गिळतं, पुन्हा लघवी करतं, पुन्हा गिळतं. शेवटच्या महिन्यांत हे पाणी पाऊण लिटरच्या आसपास असतं, आणि बाळ रोज जवळजवळ तेवढंच नवं घालतं, तेवढंच पिऊन टाकतं. म्हणजे सोनोग्राफीत आपण 'पाणी' म्हणून जे मोजतो, ते खरं तर बाळाच्या किडन्यांच्या कामाचं मोजमाप! मला कुणी हे आधी का नाही सांगितलं? मी नऊ महिने दोनदा त्या आकड्याकडे नुसती बघत बसले होते.

आता या किडन्यांना काम करायला भरपूर रक्त लागतं. ते रक्त त्यांच्याकडे वाहतं ठेवण्याचं काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. हीच रसायनं आपल्याला दुखवतातही. सूज, ठणका, पाळीतली कळ, यांत त्यांचाच हात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, ॲसिक्लोफेनॅक या सगळ्या गोळ्या एकच गोष्ट करतात: प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या एन्झाइमला गप्प बसवतात. कमरेत त्यांची निर्मिती थांबली की ठणका जातो. पण गोळीला कुठे ठाऊक की कंबर कुठली आणि बाळाची किडनी कुठली! ती वारेतून पलीकडे जाते, तिथेही तेच करते. बाळाच्या किडनीकडचं रक्त कमी होतं, लघवी कमी होते, आणि काही दिवसांत पाणी आटतं. पडद्यावर 4.7.

यात मला सगळ्यात गंमत वाटली ती या गोळ्यांच्या वयाची. ॲस्पिरिन बाजारात आलं 1899 मध्ये. जगभर लोकांनी ते मूठमूठ खाल्लं. पण ते नक्की करतं काय, हे कळायला 1971 उजाडलं! जॉन व्हेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ते प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती अडवतं, आणि त्याबद्दल 1982 मध्ये त्याला दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. सत्तर वर्षं आपण ज्याचं काम माहीत नाही असं औषध निवांत घेत होतो. मला यात भीती कमी आणि नवल जास्त वाटतं. माझी आजी डोक्याला बाम चोळून वर ॲस्पिरिन घ्यायची तेव्हा जगातल्या एकाही डॉक्टराला ते कसं चालतं हे सांगता आलं नसतं!

आणि हे प्रकरण किडनीवर संपत नाही. हृदयापाशी तर त्याहून भारी आहे.

पोटातलं बाळ श्वास घेत नाही, म्हणून त्याच्या फुफ्फुसांना रक्ताची गरज फार नसते. निसर्गानं तिथे एक आडवाट काढून ठेवली आहे: फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून थेट महाधमनीत जाणारी एक छोटी नळी. जन्मानंतर पहिला ट्यँहा झाला की फुफ्फुसं उघडतात आणि दोनतीन दिवसांत ही नळी आपोआप मिटते. जन्मापर्यंत ती उघडी कोण ठेवतं? तेच, प्रोस्टाग्लँडिन! आणि म्हणून शेवटच्या तिमाहीत आईनं या गटातली गोळी घेतली तर ती नळी पोटातच आकसू शकते. तेही स्कॅनवर दिसतं. बाळाच्या हृदयाच्या इकोमध्ये त्या नळीतून जाणाऱ्या रक्ताचा वेग वाढलेला दिसतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण दिसतो. वेळेत लक्षात येऊन गोळी थांबवली तर बहुतेकदा ती पुन्हा सैल होते. आमच्या मॅडमनी जाऊबाईंना त्याच दिवशी हा इकोही करून घ्यायला सांगितला, आणि तो स्वच्छ आला. तेव्हा घरातले सगळे देवापुढे हात जोडत होते आणि मी मात्र नळीचं चित्र काढून सासूबाईंना समजावत होते.

आता बघा. नवव्या महिन्याच्या कितीतरी आधी जन्मलेल्या बाळांमध्ये ही नळी मिटायला हवी तेव्हा मिटत नाही. मग काचेच्या पेटीतल्या त्या एवढ्याशा जीवाला डॉक्टर काय देतात? याच गटातलं औषध! इंडोमेथासिन, 1976 पासून, किंवा आयबुप्रोफेन. आत जो दुष्परिणाम, तोच बाहेर इलाज. आणि उलटंही आहे. काही बाळं हृदयाचा असा दोष घेऊन जन्मतात की त्यांचं जगणं त्या नळीवरच अवलंबून असतं. ऑपरेशन होईपर्यंत ती मिटू नये म्हणून त्यांना शिरेतून प्रोस्टाग्लँडिन चालू ठेवतात. इतकंच काय, कळा याव्यात म्हणून माझ्या दुसऱ्या खेपेला जी जेल ठेवली होती, तीसुद्धा प्रोस्टाग्लँडिनचीच! म्हणजे पाळीची कळ, बाळंतपणाची कळ, बाळाचं हृदय, बाळाची शू आणि माझ्या जावेची कंबर, सगळीकडे हीच पात्रं! मी तेव्हापासून प्रोस्टाग्लँडिन हा शब्द इतक्या वेळा उच्चारला आहे की आमच्या सात वर्षांच्या लेकीलाही तो न अडखळता म्हणता येतो.

गिधाडांचं तर विचारूच नका. हो, गिधाडं! मी लहानपणी गावाकडे मेलेल्या जनावराभोवती त्यांचा घोळका बघितलेला आहे; मग ती कुठे गेली हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. गेली ती डायक्लोफेनॅकपायी. गुरांना दुखण्यावर ते टोचायचे, जनावर मेलं की गिधाडं ते खायची, आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारातलं एक उरली. कारण सापडलं 2004 मध्ये, आणि 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे बंदी आली. पक्ष्याच्या किडनीत नेमकं जे बिघडतं ते वेगळं, बाळाच्या किडनीतलं वेगळं, हे मी मॅडमना विचारून घेतलंय, दोन्ही एक करू नका. पण आमच्या डब्यातल्या त्या पत्त्यावर नाव तेच होतं, आणि मी तो पत्ता हातात घेऊन किती वेळ बघत होते. त्यावर तांबडी रेघ असते, शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. चष्मा लावून वाचलं तर दिसतं!

सासूबाईंचं मत वेगळं होतं. 'पाणी कमी आहे ना, मग पाणी प्यायला सांग की तिला. आणि शहाळं.' यावर नाक मुरडायची माझी तयारी होती, पण मॅडम म्हणाल्या आईंचं अगदीच चुकत नाही. आई भरपूर पाणी प्यायली तर या आकड्यात थोडी वाढ होते. फक्त गोळी चालू ठेवून शहाळी पाजली तर काय उपयोग, नळ बंद आणि टाकी घासतोय. तर शहाळी आली, गोळी गेली, आणि कमरेसाठी गरम पाण्याची पिशवी, पट्टा, डाव्या कुशीवर झोपणं आणि एक फिजिओथेरपिस्ट. मलम लावते म्हणाली, तर तेही विचारून, कारण डायक्लोफेनॅकच्या मलमातलं थोडं औषध कातडीतून रक्तात जातंच.

हे सगळं जगात नवीन आहे का? तर नाही, आणि तेच मला पचत नाही! नळी आकसण्याचा इशारा या औषधांच्या कागदांवर 30व्या आठवड्यापासून पुढच्यासाठी आधीच होता. अमेरिकेच्या एफडीएनं 15 ऑक्टोबर 2020 ला तो अलीकडे ओढला आणि सांगितलं की 20व्या आठवड्यापासूनच या गोळ्या टाळा, कारण बाळाच्या किडनीला त्रास होऊन पाणी कमी होऊ शकतं. त्यांनी त्यांच्याकडे आलेल्या नोंदी चाळल्या होत्या. पाणी कमी झाल्याच्या किंवा बाळाच्या किडनीच्या त्रासाच्या अशा 35 नोंदी त्यांना सापडल्या, आणि सगळ्या गंभीर. बहुतेकांमध्ये पाणी काही दिवस ते काही आठवडे गोळ्या घेतल्यावर घटतं, पण क्वचित 48 तासांतही घटलेलं दिसलंय. आणि गोळी थांबवली की साधारण 3 ते 6 दिवसांत भरून यायला लागतं. घ्यावीच लागली तर 20 ते 30 आठवड्यांत कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस. 48 तासांपुढे गेलं तर सोनोग्राफीवर नजर. आणि 30 नंतर नाहीच. एक अपवाद मात्र अगदी लक्षात ठेवण्यासारखा आहे. बीपीचा धोका असलेल्या गरोदर बायकांना डॉक्टर स्वतःहून ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात, आपल्याकडे 75 किंवा 150 मिलिग्रॅमची. ती वेगळी. माझं बोलणं ऐकून आमच्याच सोसायटीतल्या एकीनं ती बंद करायचं काढलं होतं. तिला मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावायला लावला.

या 'नोंदी' शब्दापाशी मी पुन्हा अडकले. नोंदी कोण करतं? कुठे? तर त्याचाही एक अख्खा मुलूख निघाला. थॅलिडोमाइड नावाच्या गोळीमुळे 1960 च्या आसपास युरोपात हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं 1968 मध्ये औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी देशोदेशींहून गोळा करायला सुरुवात केली. त्या आज स्वीडनमधल्या उप्साला गावी जमा होतात. सगळ्यांनी एकाच भाषेत लिहावं म्हणून एक कोश आहे, आणि त्या कोशात 'गरोदरपणातील अल्ट्रासाउंड तपासणी ॲबनॉर्मल' अशी चक्क स्वतंत्र नोंद आहे! आजारांच्या नावांसोबत, ओकारी-चक्कर-पुरळ यांच्यासोबत, स्कॅनचा निकाल बिघडणं हाही एक दुष्परिणाम म्हणून लिहिता येतो. माणसाला काही होत नाही, कुठे दुखत नाही, बाळ हलतंय, सगळं छान. फक्त पडद्यावरचा आकडा ओरडतोय. जाऊबाईंचं असंच तर होतं. सोनोग्राफी पुढच्या महिन्यावर ढकलली असती तर? ती तर ढकलणारच होती, ऑफिसात रिलीज होतं म्हणून.

एक गोष्ट मात्र मी वाचता वाचता शिकले: नोंद म्हणजे पुरावा नव्हे. गोळी घेतली आणि पाणी कमी झालं, एवढ्यानं गोळीमुळेच झालं असं होत नाही. पाण्याची पिशवी चिरली असेल, वार नीट चालत नसेल, बाळाच्या किडनीतच काही असेल. म्हणून तर मॅडमनी आधी ते सगळं एकेक करून बाजूला काढलं आणि गोळीचा प्रश्न शेवटी विचारला. पण हजारो ठिकाणच्या अशा नोंदी एकत्र आल्या की त्यात आकार दिसायला लागतो, आणि मग कुणीतरी 30 चा आकडा 20 वर आणतं.

आम्ही मांजरीकरांना तर हे कळायला अजिबात जड जाऊ नये. 12 जानेवारी 2021 च्या पहाटे कोविशिल्डचे पहिले ट्रक पूजा होऊन निघाले ते आमच्या इथल्या सीरमच्या प्लांटमधूनच. त्या लशीनंतर प्रत्येकाला अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवायचे, आठवतंय? ते उगाच नव्हतं. काही झालंच तर ते दिसावं आणि लिहिलं जावं म्हणून होतं. आणि इथेच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात, परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर फवारणीचा अंश किती उरला हे तपासण्याची देशाची संदर्भ प्रयोगशाळा आहे. जर्मनीतल्या माणसाच्या तोंडात जाणाऱ्या मण्यावर काय उरलंय याचा हिशोब आमच्या गावात होतो, आणि आमच्याच घरातल्या बाईनं दोन आठवडे काय गिळलं याची खबर घरात नाही. हसावं की रडावं! मी हसले, कारण तोवर दुसरी सोनोग्राफी झाली होती.

ती सांगायची राहिलीच की! आठवड्यानंतर पुन्हा तीच खोली, तोच अंधार. या वेळी मी पडद्याला नाक लावून. काळा रंग सगळीकडे पसरलेला, बाळाचा हात त्यात मोकळा फिरत होता, आणि पोटात तो गोल, मूत्राशयाचा, टम्म भरलेला! मॅडम मोजायच्या आधी मीच मनात आकडे धरत होते. 2.9, 3.1, 2.2, 2.6. बेरीज मी त्यांच्याआधी केली: 10.8! आणि मोजून होतं न होतं तोच तो टम्म गोल आमच्या डोळ्यांदेखत बारीक व्हायला लागला. 'केली बघा,' मॅडम म्हणाल्या. एखाद्या बाळानं शू केली म्हणून तीन बायका टाळ्या वाजवतात हे दृश्य बाहेरच्या रांगेनं ऐकलं असेल, बघितलं नसेल.

नोंदही आम्ही केली. भारतात यासाठी 2010 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला, आणि कितीतरी मेडिकल कॉलेजांत त्याच्या शाखा. मला वाटायचं असलं काम फक्त डॉक्टरांनी करायचं असतं. तसं नाही! पेशंटनं स्वतः भरायचा वेगळा फॉर्म आहे, आणि तो मराठीतही आहे. 1800-180-3024 हा टोल फ्री नंबरही आहे. फॉर्म छोटासाच: काय घेतलं, किती, कधीपासून कधीपर्यंत, काय झालं, थांबवल्यावर काय झालं. हा शेवटचा रकाना जाऊबाईंनी भरला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर बारावीचा निकाल लागल्यासारखा आनंद होता. दोन ओळी, पण त्यात 4.7 आणि 10.8 हे दोन आकडे होते, आणि आमच्या मॅडमच्या मते असे मोजलेले आधीचे-नंतरचे आकडे म्हणजे सोनं. गोळीचा रिकामा पत्ता मी टाकू दिला नव्हता. बॅच नंबर त्यावरूनच लिहिला.

आमच्या आशा कार्यकर्त्या ताईंना मी हे सगळं एका दमात ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, 'ताई, मी लोहाच्या गोळ्या घेता का विचारते, दुखण्याच्या कधी विचारल्या नव्हत्या. आता विचारेन.' कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या दादांनाही सांगितलं. ते म्हणाले, 'वहिनी, पोट दिसत असलं तर मी देतच नाही. पण घेऊन जाणारा नवरा असतो. त्याच्या पोटावरून मला काय कळणार?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्यामुळे आता आमच्या बिल्डिंगमधल्या नवऱ्यांकडे मोर्चा वळवलाय.

आणि काल नवीनच सापडलंय! शेजारच्या काकांना पेट स्कॅन सांगितला आहे, आणि त्यांना मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे. तर त्या गोळीनं म्हणे पेट स्कॅनमध्ये आतडी उजळून निघतात, काही नसताना! म्हणून काही केंद्रं 48 तास आधी ती बंद ठेवायला सांगतात, पण साखरेचं बघून, आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. काकांना चिठ्ठी लिहून दिली आहे: स्कॅनवाल्यांना फोन करून घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं सांगा, सगळ्या म्हणजे सगळ्या, चूर्णासकट. काका म्हणाले, चूर्णाचं काय सांगायचं त्यांना? मी म्हटलं, तुम्ही सांगा तर खरं, मी येते सोबत.